नवसारीत अरबांना हरवणारा पुलकेशी म्हणजे हर्षवालाच का?

भटकी_मैना: आमच्या दादाने फॅमिली ग्रुपवर पोस्ट टाकली की ७३८ साली मेवाडचा बाप्पा रावळ, गुर्जर-प्रतिहार राजा नागभट आणि चालुक्यांनी एकत्र फौज उभी करून अरबांना हाकललं, आणि नवसारीला पुलकेशीने मारलं त्यांना. मी म्हटलं अरे पुलकेशी तर सम्राट हर्षवर्धनाशी लढला ना, तो शंभर वर्षांनी नवसारीत कुठून उगवला? तर म्हणतो तुला इतिहास कळत नाही. कोणी सांगेल का जरा नीट?

शिळाप्रेमी: पुलकेशी खरा, पण हा वेगळा. हर्षवाला दुसरा पुलकेशी, तो ६४२ च्या आसपासच गेला. हा अवनिजनाश्रय पुलकेशी, बदामीच्या चालुक्यांच्याच घरातला, पण कारभार लाटेत म्हणजे दक्षिण गुजरातेत. त्याचा नवसारीचा ताम्रपट आहे, कलचुरी संवत (तेव्हाची एक कालगणना) ४९०, म्हणजे इसवी सन ७३८-३९. त्यात अरबांना 'ताजिक' म्हटलंय. सैंधव, कच्छेल्ल, सौराष्ट्र, चावोटक, मौर्य, गुर्जर एवढ्या राजवटींना तुडवून हे अरब दक्षिणेत घुसायला निघाले आणि आधी नवसारीवर आले, तिथे याने मोडले. वर्णन तर बघाच, आज डोकं देऊन धन्याचं ऋण फिटलं या आनंदात मुंडकं उडालेली धडं नगाऱ्याच्या तालावर नाचायला लागली म्हणे! खूश होऊन बदामीच्या विक्रमादित्याने चार पदव्या दिल्या, त्यातली 'अनिवर्तकनिवर्तयितृ' माझी फेवरेट, मागे न हटणाऱ्यांना मागे हटवणारा.

भटकी_मैना: धडं नाचली 😂 बरं मग ते एकत्र फौजेचं?

गावठी_पंडित: ते व्हॉट्सअॅपचं. ताम्रपटात युतीचा एक शब्द नाही, उलट गुर्जर हरलेल्यांच्या यादीत आहेत. भडोचच्या राजा जयभटाचा ७३६ चा ताम्रपट म्हणतो ताजिकांना वलभीला मी हरवलं, आणि नागभटाने म्लेंच्छ फौज बुडवल्याचं त्याच्याच वंशातल्या भोज राजाच्या ग्वाल्हेरच्या शिलालेखात येतं, तेही शंभरेक वर्षांनी. म्हणजे ज्याच्या दारात आले तो लढला, आणि क्रेडिट ज्याने त्याने आपापल्या नावावर लावलं. आणि ताम्रपट म्हणजे काय युद्धाचा रिपोर्ट नाही हो, ब्राह्मणाला गाव दान दिल्याचा कागद तो, त्यात मालकाची तारीफ येणारच. पण सिंधचा सुभेदार जुनैद याने भडोच, उज्जैनकडे फौजा पाठवल्याचं अरब इतिहासकार बलाझुरीपण लिहितो, त्यामुळे स्वाऱ्या झाल्या हे पक्कं.

शिळाप्रेमी: +१. आणि गंमत ऐका, पालघरकडच्या चिंचणीला राष्ट्रकूटांचा ९२६ चा ताम्रपट सापडलाय, तिसऱ्या इंद्राच्या काळातला, त्यात दक्षिण गुजरातेतल्या संजाणचा अधिकारी कोण तर मधुमती, म्हणजे मुहम्मद, जातीने ताजिक! आणि त्याच्या कारभारात देवीच्या मठिकेला, म्हणजे छोट्या मठाला, दान दिलंय. दोनशे वर्षांत केवढा फरक बघा, तेही नवसारीपासून फार लांब नाही.

भटकी_मैना: हे सगळं जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं. दादाने नुसता अंगठा दाखवलाय.