दावी सोडली, जनावरं वाहून गेली. भरपाई कशी मागायची?

सीनाकाठची
सप्टेंबर २०२५ च्या पुरात सीनेचं पाणी रात्री दोनला गोठ्यात शिरलं. मिस्टर पुण्याला कामाला, घरी सासरे आणि मी. पाणी गुडघ्याला लागलं तशी मी विळ्याने सगळी दावी कापली. बांधलेली मरण्यापेक्षा पोहून जगतील, एवढंच डोक्यात होतं. दोन म्हशी, सात महिन्यांची गाभण कालवड, अकरा उस्मानाबादी शेळ्या. पाणी उतरल्यावर एक म्हैस आणि सात शेळ्या खालच्या उसात मेलेल्या सापडल्या. बाकीच्यांचा माग नाही.

सापडलेल्यांचं शवविच्छेदन झालं, पंचनामा झाला. म्हशीचे ३७,५०० आणि शेळीला ४,००० प्रमाणे २८,००० असे ६५,५०० जमा झाले. बाकीच्यांचं विचारलं की "मयत जनावर दाखवा" म्हणतात. शेजाऱ्यांची जनावरं दावणीलाच बुडाली, त्यांचे पूर्ण पैसे आले. त्यांना मिळाले ते चांगलंच झालं. पण मी दावी कापली म्हणून माझी जनावरं गेलीच नाहीत असं कसं?

आणि कालवड म्हणे वासरात धरणार, २०,०००. ती मार्गशीर्षात व्यायची होती.

शेळीपालक मोहोळ
ताई, दावी कापली ते बरोबरच केलं. पूर्वी तीन मोठ्या दुधाळ जनावरांपर्यंतच मदत मिळायची, ऑक्टोबरच्या पॅकेजात सरकारने ती अट काढली. त्यामुळे "कोटा संपला" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ४,००० मध्ये चांगली उस्मानाबादी शेळी येत नाही हे खरं, पण हक्काचे आहेत ते सोडू नका.

निवृत्त पशुवैद्य
कानातला पिवळा बिल्ला होता का? त्यावरचा बारा आकडी नंबर आधी शोधा. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ला नसलेल्या जनावराला आपत्तीची भरपाई नाही असा नियम आहे, त्यामुळे पहिली हरकत तिथेच येईल. नंबर पाठ नसला तरी लाळ्या-खुरकूतची लस टोचताना तो भारत पशुधन प्रणालीत चढतो. दवाखान्यात जाऊन तुमच्या नावावरची जनावरं काढून मागा.

केंद्राच्या निकषात मदत आहे ती प्रत्यक्ष गमावलेल्या उत्पादक जनावरांसाठी. वाहून गेलेलं जनावरही गमावलेलंच. मी नोकरीत असताना अशा पंचनाम्यांवर सह्या केल्या आहेत. सरपंच, पोलीस पाटील आणि दोन शेजाऱ्यांचे जबाब घ्या, म्हशीच्या दुधाच्या पावत्या जोडा, आणि पुरवणी पंचनाम्यासाठी तहसीलदारांना लेखी अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका. तोंडी नकाराला काही किंमत नसते, लेखी कारण मागा. तिथे अडलं तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याला लोकशाही दिन असतो, तिथे लोकांच्या तक्रारी ऐकून घेतात.

कालवडीला दुधाळाचा दर मिळेलच अशी खात्री देत नाही. पण रेतनाची आणि गाभण तपासणीची नोंद असेल तर ती जोडून मागणी कराच. सात महिन्यांच्या गाभण जनावराला वासरू म्हणणं मला तरी पटत नाही.

बांधावरचा
अर्ज कुणाच्या नावाने आहे ते बघा. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. आमच्या वडिलांचे असेच जुन्या खात्यात पडून होते, आम्ही महिनाभर तहसीलला हेलपाटे घातले.

सीनाकाठची
सगळ्यांचे आभार. काल दवाखान्यात गेले. दुसऱ्या म्हशीचा आणि कालवडीचा नंबर मिळाला, कालवडीच्या रेतनाची तारीखसुद्धा आहे. गेलेल्या चार शेळ्यांपैकी दोघींनाच बिल्ला होता. उरलेल्या दोघी मार्चमध्ये विकत आणलेल्या, लसीला बाहेर राहिल्या. त्यांची नावं तरी अर्जात लिहिणार आहे, लेखी नाही म्हणू देत.

दुधाच्या पावत्या सासऱ्यांनी पत्र्याच्या पेटीत माळ्यावर ठेवलेल्या, त्या कोरड्या निघाल्या. पोलीस पाटील सही द्यायला तयार आहेत. सोमवारी तहसीलला जाते. पोच मिळाली की इथे कळवते.