एक दिवस बुडाला तर बुडू द्या

चार दिवस नेटाने व्यायाम होतो, पाचवा बुडाला की मन खट्टू होऊन सगळंच सुटतं, असं तुम्ही म्हणताय. माझंही अगदी हेच व्हायचं. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं दिसलं, माणसागणिक १८ ते २५४. आणि मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही! हे वाचून मला खूप हायसं वाटलं.

मी रात्रीच बूट-मोजे दाराशी काढून ठेवायचे. सकाळी नाड्या बांधायच्या आणि दहा मिनिटं चालून यायचं, बस. वजनकाट्याकडे महिनाभर फिरकू नका. मला उमेद आली ती जिन्यात, तिसऱ्या मजल्यावर पोचले तरी धाप लागली नव्हती तेव्हा.