नवी एअर रायफल, दस्त्यावर ओघळ आणि ठोका: परत करावी की घरीच सावरावी?

माहुलीकर (सातारा)
थोरली नववीत आहे. पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून तिला नेमबाजीचा ध्यास लागलाय. शिकते तिथं रायफल पाळीनं हातात येते. म्हणून घरच्या सरावासाठी देशी बनावटीची, नळी मोडून छर्रा भरायची स्प्रिंगची रायफल घेतली. साडेसहा हजार पडले. स्पर्धेची परदेशी रायफल लाखांच्या हिशेबात जाते, तो विचार आम्हाला परवडत नाही.

खोका उघडला तर गाल टेकायच्या जागी पॉलिशचा ओघळ वाळलेला. चापाच्या वर लाकडावर नखाएवढा ठोका. नळीवरचं ब्ल्यूइंग (ती निळसर-काळी झाक) माशीजवळ, म्हणजे टोकाच्या नेम धरायच्या खुणेजवळ, इतकं पातळ की उजेडात तपकिरी दिसतं. पोरीचा चेहराच उतरला.

तरी माझं मत आहे की परत करू नये. या किमतीत कारखाना पैसा नळीत आणि स्प्रिंगमध्ये घालतो, शेवटचा हात फिरवायला माणूस ठेवत नाही. नळीचं तोंड भिंगातून पाहिलं, कुठं कंगोरा नाही. नळी बंद करून डावी-उजवीकडे हलवली, सांध्यात खेळ नाही. मागं वाळूचं पोतं ठेवून दहा मीटरवर पाच छर्रे मारले, पाचही रुपयाच्या नाण्याखाली झाकले. मग रंगरूपावरून का नाकारायची? तुम्हाला काय वाटतं?

ग्राहकहित_कराड
माहुलीकर साहेब, पूर्ण विरोध. तुम्ही पैसे पूर्ण दिलेत ना? मग वस्तूही पूर्ण हवी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'दोष' या शब्दात दर्जातली उणीवही येते, नुसती मोडतोड नव्हे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोगात फीसुद्धा लागत नाही. आधी दुकानदाराला लेखी कळवा, फोटो जोडा. आणि एक विनंती, त्याआधी दस्त्याला काचपेपर लावू नका. एकदा हात लावलात की ओघळ कारखान्यातला की तुमचा, हे सिद्ध करताना तुमचाच घाम निघेल.

तंबोरा_मिरज
आमच्या घरी तीन पिढ्या लाकडाचं काम. एवढ्यावरून परत पाठवायचं म्हणजे लाकडाचा अपमान वाटतो मला. ठोका हा दाबलेला रेशा असतो, तुटलेला नसतो. आधी त्या जागचं पॉलिश खरवडून लाकूड उघडं करा, म्हणजे वाफ आत शिरेल. सुती फडकं ओलं करून ठोक्यावर ठेवा, वर इस्त्रीचं टोक दोन-तीन सेकंद. वाफेनं रेशा फुगून वर येतो. एका खेपेत नाही आला तर वाळू द्या, पुन्हा करा. मात्र रेशा चिरला गेला असेल तर वाफेचा उपयोग नाही.

ओघळ आधी धारदार पात्यानं खरवडायचा, मग बारीक पॉलिश पेपर, रेशाच्या दिशेनंच. वर चपडी लाख लावू नका. सतारीवर ती शोभते, पण घामाच्या गालाखाली पांढरी पडते. दस्त्याला उकळलेलं अळशीचं तेल बरं. तळहातानं चोळायचं, जास्तीचं पुसायचं, एक दिवस वाळवायचं, असे चार हात. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात. उन्हात पसरून वाळवा. हे सांगायचं राहिलं तर घात होतो.

पाटणकर
लाकडाचं सोडा, नळीकडे बघा. दादा, तुम्ही ब्ल्यूइंगला रंगरूप म्हणताय तिथं माझी हरकत आहे. तो रंग नव्हेच. लोखंडावरच मुद्दाम घडवलेला ऑक्साइडचा पातळ थर असतो, आणि त्याचं मुख्य काम तेल धरून ठेवणं. तोच पातळ असेल तर आमच्याकडे हेळवाकच्या पावसात चार महिन्यांत नळी खाल्ली जाते. माझ्या एअरगनवर बोटांचे ठसे गंजून उमटलेत, श्रावणात एकदाच पुसायची राहिली म्हणून. मी असतो तर परत केली असती.

जतचा_माणूस
पाटणकर, तुमच्या पावसावरून सगळ्यांचा न्याय करू नका. आमच्या जतला पाऊस शोधावा लागतो. माझी एअरगन सात वर्षांची, ब्ल्यूइंग अर्धं उडालंय, गंज नाही. सराव झाला की तेलाचं फडकं नळीवरून बाहेरून फिरवतो, एवढंच. आत तेल ओतू नका मात्र. हवा दाबली जाते तिथं ते पेटतं, धूर आणि मोठा आवाज येतो, छर्रे भरकटतात आणि हवा अडवणारं सील जातं.

आणि कराडकर, तुमच्याच तालुक्यातले खाशाबा जाधव वर्गणी काढून हेलसिंकीला गेले आणि १९५२ चं ब्राँझ घेऊन आले. साधनावर नाही, मेहनतीवर.

ग्राहकहित_कराड
खाशाबांचं नाव कारखान्याच्या ढिसाळपणावर पांघरूण म्हणून घालू नका, मला ते लागलं. गोळेश्वरच्या माणसानं हालात दिवस काढले याचा अर्थ पुढच्या पोरांनीही काढावेत असा होत नाही. गरीबाच्या घरी जाणारी वस्तू म्हणून शेवटचा हात फिरवायचा नाही, हेच मला खटकतं. आपण गप्प बसलो तर पुढच्या खोक्यातही ओघळच येणार.

नेमबाजी_ताई (सांगली)
मुली शिकवते म्हणून लिहिते. इतका वेळ सगळे ठोक्यावर आणि नळीवर बोलताय, पण खरा प्रश्न ओघळाचा आहे. गाल दर वेळी त्याच जागी, तेवढ्याच दाबानं टेकला तरच डोळा माशीच्या रेषेत येतो. तिथं कंगोरा टोचला की पोर नकळत गाल मिलिमीटरभर सरकवते. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा असतो! तुमचे पाच छर्रे चांगले बसले, पण ते तुम्ही मारलेत. लेकीनं मारलेत का?

दस्त्याचे स्क्रू पहिल्या शंभर छर्‍यांनंतर तपासा, स्प्रिंगच्या हिसक्यानं ते सैल होतात. छर्रा न भरता चाप कधीही ओढू देऊ नका, हवेचा अडसर नसल्यानं पिस्टन आपटतो. ठोका राहू दे हवं तर. पोरीला आपली रायफल लगेच ओळखता येते त्यानं.

माहुलीकर (सातारा)
ताई, तुमचं वाचलं आणि संध्याकाळी लेकीला बसवली. पाचापैकी तीन डावीकडे. काही न सांगता विचारलं, तर म्हणाली, "बाबा, इथं टोचतं." मी स्वतः मारून बघितलं आणि समजूत करून घेतली, ही माझी चूक. ओघळाला मी किरकोळ म्हणत होतो, ते मागं घेतो.

कराडकर साहेबांचंही अर्धं ऐकलं. फोटो काढून दुकानदाराला लेखी कळवलंय, दस्ता बदलून मागितलाय, रायफल नव्हे. त्यानं आठवडा मागितलाय. तोवर काचपेपरला हात लावत नाही. दस्ता आला नाही तर मिरजेच्या पद्धतीनं ओघळ मीच काढेन. पाटणकर, नळीवर आजपासून तेलाचं फडकं, साताऱ्यातही पाऊस कमी नाही. ठोक्याचं लेकीवर सोडलं होतं. ती म्हणाली, नवा दस्ता आला तर ठीक, नाहीतर ठोका तसाच राहू द्या.