मदत हवी आहे: कॉलेजात उत्तम शिकवणाऱ्या आणि मुलांना सांभाळून घेणाऱ्या शिक्षकांचा सत्कार करायचाय, निवड कशी करू?

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे, पण मदत खरंच हवी आहे म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आम्ही पुण्यातल्या एका कॉलेजातून २०१४ साली बीएस्सी झालेली मुलं. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गेल्या दिवाळीत ग्रुपवर बोलता बोलता ठरलं की दरवर्षी ५ सप्टेंबरला आपल्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकाचा आपल्यातर्फे सत्कार करायचा, चांगलं शिकवतात आणि मुलांच्या पाठीशी उभे राहतात म्हणून. पैसे जमायला वेळ लागला नाही, १ लाख ८० हजार झाले. एफडी केली तर व्याज वर्षाला साधारण बारा हजार येईल, म्हणजे मुद्दलाला हात न लावता दरवर्षी चालू राहील असा हिशोब. प्राचार्यांना भेटलो, ते मनापासून हो म्हणाले, फक्त एवढंच म्हणाले की निकष तुम्ही लिहून आणा. तिथेच आमचं गाडं अडलंय.

कारण असा पुरस्कार कॉलेजात पूर्वीही होता, आमच्याच वेळी. पण तो पाळीपाळीने मिळायचा. यंदा केमिस्ट्री, पुढच्या वर्षी कॉमर्स, आणि त्या डिपार्टमेंटमधले जे सगळ्यात सीनियर ते. नंतर अर्ज मागवायला लागले तर ज्यांची फाइल जाड त्यांना मिळायला लागला. फाइलमध्ये सेमिनारची सर्टिफिकेटं, पेपर, कमिट्यांवरच्या नेमणुका, फोटो. वर्गात काय होतं त्याचा एकही कागद नसायचा, आणि मला वाटतं असूही शकत नाही.

आता माझ्या डोळ्यासमोर कोण आहे ते सांगतो म्हणजे अडचण कळेल. आम्हाला स्टॅटिस्टिक्सला एक मॅडम होत्या. पहिल्या वर्षी स्टँडर्ड डिव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) शिकवायच्या आधी म्हणाल्या, सोमवार ते शनिवार घरातून कॉलेजला पोचायला किती मिनिटं लागतात ते रोज लिहून आणा. मी पर्वती पायथ्याहून चालत यायचो, माझे आकडे २५, २४, २६, २५, २५, २५. माझा एक मित्र बिबवेवाडीहून पीएमटीने यायचा (पीएमपीएमएल झालं होतं पण आम्ही पीएमटीच म्हणायचो), त्याचे १५, ४०, १८, २०, ३७, २०. मॅडमनी दोघांना फळ्यापाशी बोलावून सरासरी काढायला लावली, दोघांची पंचवीसच. मग वर्गाला विचारलं, "सरासरी सारखी आहे ना, मग लेट मार्क एकालाच का लागतो?" वर्ग गप्प. त्यानंतर त्यांनी सूत्र लिहिलं. आज मी डेटाचंच काम करतो आणि अजून कुठलीही सरासरी बघितली की आधी ती बस आठवते.

हे झालं शिकवणं. दुसरी गोष्ट माझ्या रूममेटची, त्याला विचारूनच लिहितोय. आंबेगाव तालुक्यातला मुलगा, घरी कोरडवाहू शेती, दुसऱ्या वर्षी मेसचे पैसे थकले तेव्हा कोणाला न सांगता एक वेळ जेवायला लागला आणि प्रॅक्टिकलला दांड्या मारायला लागला. मॅडमकडे दोनशे पानी एक वही असायची, प्रत्येक मुलाला एक पान. तिसरी दांडी झाली तशी त्यांनी त्याला जिन्यात गाठलं, दांड्यांबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत, विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंस?" मग त्यांनीच विद्यार्थी कल्याण अधिकाऱ्यांकडे त्याला हाताला धरून नेलं, कमवा आणि शिका योजनेत नाव घातलं, लायब्ररीत पुस्तकं लावायचं काम मिळालं. स्कॉलरशिपचा फॉर्म उत्पन्नाच्या दाखल्यावाचून अडला होता तर त्याच्या वडिलांना फोन करून तहसीलला कुठली कागदं न्यायची ते सांगितलं. तो आता एका जिल्हा परिषदेत नोकरीला आहे. मला ती वही बघायला मिळाली एकदाच, त्याच्या पानावर शाईने फक्त तीन शब्द होते, "जेवण. वडील. दाखला." आणि तिन्हींपुढे बरोबरची खूण.

आता खरी अडचण. मॅडम तेव्हाही सीएचबीवर होत्या आणि आजही सीएचबीवरच आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सीएचबी म्हणजे तासिका तत्त्व, जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, सुट्टीत काहीच नाही. जिन्यात उभं राहून मुलाशी बोलणं कुठल्या तासात धरत नाहीत. आणि बाहेरच्या पुरस्कारांकडे बघावं तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारात २०२३ पासून कॉलेज आणि पॉलिटेक्निकच्या शिक्षकांनाही घेतलंय, प्रशस्तिपत्र, पन्नास हजार रुपये आणि रौप्यपदक असतं, ही फारच चांगली गोष्ट झाली, पण अट रेग्युलर शिक्षकाची आहे, आणि वय पंचावन्नच्या आत. म्हणजे मॅडम त्या दारापर्यंतसुद्धा पोचत नाहीत. आपला पुरस्कार छोटा आहे, आपण तरी अशी अट घालू नये असं मला मनापासून वाटतं. पण ग्रुपवर दोन मतं आहेत, काहींना वाटतं की परमनंट स्टाफ नाराज होईल आणि मग कॉलेज हात आखडतं घेईल.

आणि दुसरं, मला हा पुरस्कार "आमच्या मॅडमचा" करायचा नाहीये. दरवर्षी अशी माणसं कॉलेजात असणार, ती शोधायची कशी हा माझा प्रश्न आहे. अर्ज मागवले तर ज्यांना स्वतःबद्दल लिहिता येतं तेच येतील, मॅडम तर मेल्या तरी अर्ज करणार नाहीत. मुलांचं मतदान घेतलं तर इंटर्नलला सढळ हाताने मार्क देणारे निवडून येतील अशी भीती. मग विचारायचं कोणाला, काय विचारायचं, निवड समितीत कोण असावं, आणि सत्कार शाल-श्रीफळ देऊन करायचा की अजून काही उपयोगाचं देता येईल? कोणी असं काही आपल्या कॉलेजात चालवलं असेल तर प्लीज सांगा. सोमवारी प्राचार्यांना कागद द्यायचाय.

प्रतिसाद १

दादा, मी तेहेतीस वर्षं शिकवून निवृत्त झाले, अशा निवड समित्यांवर बसलेही आहे, म्हणून सांगते. अर्ज अजिबात मागवू नका. २०१० च्या यूजीसीच्या नियमांनी एपीआयचे (पेपर, सेमिनार वगैरे कामांचे) पॉइंट आले तेव्हापासून आम्हा सगळ्यांनाच कागद गोळा करायची सवय लागली, त्यात कोणा एकाचा दोष नाही, प्रमोशनच त्यावर व्हायचं. तुम्ही पण फाइल मागितलीत तर तीच फाइल तुमच्याकडे येईल.

मुलांना एक ते पाचमध्ये मार्क द्यायला सांगू नका, तो फॉर्म मुलं रिक्षात बसल्या बसल्या भरतात. त्याऐवजी एकच प्रश्न विचारा: "कॉलेजात असताना अडचण आली तेव्हा कोणाकडे गेलात आणि त्यांनी काय केलं?" आणि हा प्रश्न आत्ता शिकणाऱ्यांना नको, बाहेर पडून तीन-चार वर्षं झालेल्यांना विचारा. त्यांना मार्कांची आशा नसते आणि कुठलं शिकवणं टिकलं तेही तोवर कळलेलं असतं. तुम्हाला ती बस आठवली ती आत्ता ना, परीक्षेच्या वेळी तुम्ही सूत्रच पाठ केलं असेल.

अजून एक, आणि हे फार महत्त्वाचं. तुमच्या रूममेटला विचारून तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. स्टेजवर मात्र "यांनी अमुक उपाशी मुलाला मदत केली" असं कधीही बोलू नका, तो मुलगा समोर बसलेला असू शकतो. जी शिक्षिका मुलाशी जिन्यात, कोणी ऐकणार नाही असं बोलते, तिचं ते बोलणं आपण माइकवर आणलं तर पुढचं मूल तिच्याकडे जायला बिचकेल.

प्रतिसाद २

मी स्वतः नऊ वर्षं सीएचबीवर आहे, दोन कॉलेजं, सकाळी एक आणि दुपारी एक, मध्ये स्कूटर. तुमचा धागा वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. नॅकसाठी (कॉलेजांना ग्रेड देणारी संस्था) मेंटॉर-मेंटीचं, म्हणजे कुठल्या शिक्षकाकडे कुठली मुलं सोपवलीत त्याचं, रजिस्टर असतं, एका कॉलेजात माझ्याकडे चाळीस मुलं आहेत, मी भेटते, मी फोन करते, पण रजिस्टरवर नाव आणि सही परमनंट सरांची. ते सर वाईट नाहीत हो, पद्धतच तशी पडली आहे. त्यामुळे तुम्ही समितीला कॉलेजच्या रेकॉर्डवरून नावं काढायला सांगितलीत तर आमच्यासारखे त्यात सापडणारच नाहीत.

काय द्यायचं ते सांगू का? शाल द्या, आईला दाखवायला बरी वाटते. पण त्याच्याबरोबर कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीचं, जावक क्रमांक घातलेलं पत्र द्या. कुठल्या वर्षापासून कुठले विषय शिकवले, किती बॅचेस, आणि माजी विद्यार्थ्यांनी नेमकं कशासाठी निवडलं, असं सगळं त्यात. आम्ही जागा निघाली की इंटरव्ह्यूला जातो तेव्हा अनुभवाचे दाखले मिळवतानाच दमछाक होते. असं एक पत्र हातात असलं तर मी ते लॅमिनेट करून ठेवीन. आणि पैसे देणार असाल तर सरळ बँकेत द्या, ट्रॉफीवर घालवू नका.

प्रतिसाद ३

मतांची मोजणी करू नका एवढंच सांगतो. कॉमर्सला एकेका वर्षाला सहा-सातशे मुलं आणि तुमच्या स्टॅटला साठ, मोजलीत तर स्टॅटला जन्मात मिळणार नाही. किती जणांनी लिहिलं यापेक्षा काय लिहिलं ते वाचा. "खूप छान शिकवतात" अशी शंभर पत्रं आली तरी त्यातून काही कळत नाही, तुमच्या त्या पंचवीस मिनिटांसारखं एक पत्र पुरतं. आणि ज्यांचं नाव वर येईल त्यांच्या एका तासाला, त्यांना विचारून, कोणीतरी मागच्या बाकावर जाऊन बसाच.

पैशांचं पण बघा. एफडी कोणाच्या एकट्याच्या नावावर नको, चार वर्षांनी वांधे होतात. कॉलेजचा माजी विद्यार्थी संघ रजिस्टर असेल, धर्मादाय आयुक्तांकडे नोंद असेल, तर त्यांच्या खात्यात या कामासाठी म्हणून ठेवा आणि ठराव लिहून घ्या.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या प्रतिसादातल्या ताई, स्टेजवर न बोलण्याचा मुद्दा आमच्या कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. आम्ही तर रूममेटला भाषण करायला लावणार होतो. आज त्याला फोन केला तर म्हणाला, मी मॅडमना भेटून सांगेन, माइकवर नको.

ग्रुपवर काल रात्री बोललो आणि कागद असा तयार झालाय. अर्ज नाहीत. बाहेर पडून किमान तीन वर्षं झालेल्यांना ताईंनी दिलेला प्रश्न, आणि जोडीला "आज आठवतो असा एक तास लिहा". पत्रं समितीबाहेर जाणार नाहीत. समिती पाच जणांची, तीन माजी विद्यार्थी वेगवेगळ्या शाखांचे, एक निवृत्त प्राध्यापक दुसऱ्या कॉलेजातले, आणि एक ग्रंथालयातले किंवा ऑफिसातले कर्मचारी, कारण कुठल्या शिक्षकाकडे मुलं साडेपाचनंतरही थांबतात हे शिपाईमामांना आणि लायब्ररीवाल्यांना बरोबर माहीत असतं. परमनंट, सीएचबी, कॉन्ट्रॅक्ट, सगळे पात्र. लेटरहेडचं पत्र द्यायचं हे प्राचार्यांकडे सगळ्यात आधी मागणार आहे. पैसे बँकेत. संघाची नोंदणी आहे, कागद मागवलेत.

अडलंय एकाच ठिकाणी. आमच्या मॅडमसाठी पहिल्याच वर्षी पत्रं येणार हे उघड आहे, कारण ग्रुप आमचाच आहे. मग पहिल्या वर्षी आमच्या बॅचने आणि आमच्या डिपार्टमेंटने समितीत बसायचं नाही असं मी सुचवलं, तर निम्मे म्हणतात पैसे आपले आणि आपणच बाहेर का. मला तरी बाहेर राहणंच योग्य वाटतंय. मॅडमना मिळालं तर ते दुसऱ्यांनी वाचून, दुसऱ्यांनी ठरवून मिळालेलं असावं. तुम्हाला काय वाटतं? सोमवारच्या आत सांगितलंत तर कागदात घालता येईल.