विषय: शीआन ट्रिप, शनिवारचं व्हेज जेवण (अर्जंट)

नमस्कार मंडळी,
ड्रम टॉवरच्या मागे शनिवारी पाओमोचं टेबल धरलंय, पण आत्ता यादी बघितली तर निम्म्याहून जास्त व्हेज निघाले. पाओमो म्हणजे मटणाच्या रश्शात कुस्करलेली रोटी, त्यातून काय वगळून देणार? टेबल ठेवू का सोडू, आज रात्रीपर्यंत सांगा.
– सेक्रेटरी

---

टेबल अजिबात सोडू नका!! पाओमो निवांत बसून खायची गोष्ट आहे, रोटी आपणच सोयाबीनच्या दाण्याएवढी बारीक कुस्करायची, मग वाडगा आत जातो, रस्सा घालून परत येतो, सोबत गोड मुरलेला लसूण. मागच्या पिंगयाओ ट्रिपला व्हेजवाल्यांपायी सगळ्यांनी टोमॅटो-अंडं खाल्लं, परत तो प्रकार नको.
– पुडाँगवाले काका

---

काका, पिंगयाओला अंडं न खाणारेही होते, त्यांनी कोरडा भात खाल्ला, तेही आठवतंय :)
आम्हाला टेबलच नको, हुईमिन च्येमध्ये, म्हणजे ड्रम टॉवरमागच्या मुसलमान गल्लीत, हिंडत खाऊ. लियांगपी (थंड नूडल्स) तिळाच्या पेस्टची घ्या, तिथले हुई मुसलमान तशी करतात. कणीक पाण्यात धुवून चीक काढतात, तो थाळीत वाफवून पट्ट्या कापतात, कुरडया घातलेल्या बाईला शिकवायला नको. उरलेला चिवट गोळाही वाफवून त्यातच टाकतात. मग त्साइच्यामो, रोटीत बटाटा-टोफू-मिरची कोंबलेली. गोडाला पर्सिमनचे तळलेले केक. सकाळी लवकर उठलात तर त्संगगाओ, चिकट तांदूळ आणि लाल बोरं. फक्त सकाळचं हुलाथांग, म्हणजे मिरीचं दाट सूप, बघून घेऊ नका, त्यात बीफचे गोळे असतात.
– मिनहांगच्या ताई

---

त्साइच्यामो भरणारा त्याच सुरीने बीफ चिरत असेल तर? त्या गल्लीत पोर्क नसतं एवढंच, म्हणून व्हेज झालं का?
– खजिनदार

---

जेवणाचं ठरेल हो, पण सावल्यांचा खेळ कधी बघायचा ते कोणीच बोलत नाहीये. त्याच गल्लीतल्या बेइयुआनमेन रस्त्यावर गाओ कुटुंबाचा जुना वाडा आहे तिथे छोटा खेळ दाखवतात. माझं माहेर कुडाळ, पिंगुळीच्या ठाकर मंडळींच्या चामड्याच्या बाहुल्या बघत मोठी झाले, मी हा चुकवणार नाही. मूळचा खेळ शीआनच्या पूर्वेला असलेल्या ह्वाचौकडचा, पाच माणसांत सगळं उरकतात, एक जण बाहुल्या नाचवतो, एकटाच गाणारा राजा, राणी, विदूषक सगळ्यांचे आवाज काढतो, बाकीचे वाद्यांवर. चीनचे सावल्यांचे खेळ २०११ साली युनेस्कोच्या यादीत गेले. गणपतीतल्या मुलांच्या बक्षिसांसाठी तिथूनच बाहुल्या आणूया का?
– सुझोऊच्या वहिनी

---

वहिनी, त्या गायीच्या कातड्याच्या असतात. गणपतीच्या बक्षिसाला?? मी बिल पास करणार नाही.
– खजिनदार

---

आणि आरतीला मंडळाची ढोलकी वाजते ती कशाची आहे म्हणे? तिचं बिल तुम्हीच पास केलं होतंत. शिवाय गल्लीत स्वस्तात मिळतात त्यातल्या कितीतरी प्लॅस्टिकच्या, खरं कातडं उजेडापुढे धरलं की मधासारखं दिसतं आणि नक्षी सुरीने कोरलेली कळते. तेव्हा प्लॅस्टिकच्याच घेऊ, तुमचा धर्मही वाचेल आणि पैसेही.
– सुझोऊच्या वहिनी

---

बक्षिसं काय द्यायची हे सांस्कृतिक समिती ठरवते, खजिनदार नाही आणि ट्रिपची यादी तर नाहीच. कृपया वेगळी मेल काढा.
– सांस्कृतिक समितीतर्फे

---

मंडळी, मला फक्त टेबलाचं सांगा!! काका, पाओमोला नक्की किती जण, आकडा द्या, तेवढ्याच खुर्च्या ठेवते. बाकीचे ताईंबरोबर गल्लीत. खेळ आधी, जेवण नंतर, वाडा त्याच रस्त्यावर आहे. सुट्टीच्या आठवड्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते, मुलांचे हात सोडू नका आणि फोन चार्ज ठेवा, स्टॉलवाले क्यूआर कोडच पुढे करतात.
– सेक्रेटरी

---

तो गोड लसूण व्हेजच ना? मग मलाही टेबलावर एक खुर्ची धरा, माझे गुडघे गल्लीत हिंडू देणार नाहीत. काकांची रोटी मी कुस्करून देईन.
– मिनहांगच्या ताईंच्या सासूबाई (सुनेच्या मेलवरून)