क्यूआर कोड चिकटवला, कागद काही उघडेना: तुमचे अनुभव लिहा

सुरुवात मीच करतो. आतेभावाचं लग्न होतं, पारोळ्याजवळ. पत्रिकेत जागा कमी, म्हणून कार्यक्रम नि रस्त्याचा नकाशा अशी पीडीएफ गूगल ड्राइव्हवर टाकली, लिंकचा क्यूआर कोड केला आणि चारशे पत्रिका छापून मोकळा झालो. माझ्या फोनवर झकास उघडत होतं. उघडणारच, फाइल माझीच! हळदीला मलाही माखलेलं, बोटं पिवळी, स्क्रीन दाद देईना, आणि वर परवानगीच्या विनंत्यांची रांग. धुळ्याहून नानांचा फोन: "आरे भाऊ, हाई ते परवानगी मांगी राहिनं!" शेअरिंगमधलं 'रिस्ट्रिक्टेड' बदलून 'एनीवन विथ द लिंक' केलं, तेव्हा पाहुणे मार्गी लागले. पत्रिका पुन्हा छापावी लागली नाही, हेच नशीब.

अमळनेर, शिक्षिका
मी दहावीच्या सराव प्रश्नपत्रिकेचा कोड क्रोममधूनच केला. पान उघडायचं, शेअर दाबायचं, क्यूआर कोड निवडायचा. मधोमध डायनासोर येतो. "बाई, हा कोणत्या धड्यात आहे?" पोरांनी विचारलंच. तो मध्ये बसूनही कोड वाचला जातो, कारण आत दुरुस्तीपुरती जास्तीची माहिती भरलेली असते. या दुरुस्तीच्या सर्वांत वरच्या पातळीला सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी चालतो.

पुढे एका गणितात उणे चिन्ह राहिल्याचं दिसलं. मी जुनी फाइल काढून टाकली, नवी चढवली. लिंक बदलली, वह्यांवरचे सगळे कोड मेले. ड्राइव्हमध्ये 'मॅनेज व्हर्जन्स'मधून नवी प्रत चढवली असती, तर लिंक तीच राहिली असती. हे कळलं तोवर डिंकाची बाटली संपली होती.

धुळे, दुकानदार
एका फुकटच्या साइटवर दरपत्रकाचा कोड केला. पंधरा दिवसांनी गिऱ्हाईक म्हणतं, "शेठ, इथं तर पैसे भरा म्हणतंय." कोडात माझ्या फाइलचा पत्ताच नव्हता, त्या साइटचा होता, ती पुढे पाठवत होती, ते तिनं थांबवलं. डायनॅमिक म्हणतात त्याला. छापण्याआधी स्कॅन करून कुणाचा पत्ता दिसतो तेवढं बघा.

रावेर, केळीवाला
ठिबकच्या खतांचं वेळापत्रक पंपाच्या खोलीवर लावलं. चकचकीत लॅमिनेशन केलं नि दुपारच्या उन्हात कॅमेऱ्याला नुसता पांढरा लखलखाट. आता साधा कागद आहे. केळीच्या चिकाचे डाग पडलेत, तरी वाचतो. कोडाच्या कडेची पांढरी पट्टी मात्र कापू नका, मी हौसेनं कापली होती, तर कोड वाचेना.

धडगाव, आरोग्यसेविका
आमच्या पाड्यांवर रेंज नाही. कोड म्हणजे नुसता पत्ता, पत्त्यावर जायला नेट लागतंच. म्हणून फाइलचा नाद सोडला आणि लसीकरणाच्या तारखा थेट कोडातच लिहिल्या. साध्या मजकुराला नेट लागत नाही. पण देवनागरीचं एकेक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा कोडात तीन-तीन बाइट जागा खाते. माझ्या पहिल्या कोडाचे ठिपके मोहरीएवढे बारीक झाले, जुन्या मोबाइलला पकडताच येईनात. मग 'आदरणीय माता-भगिनींनो' उडवलं, तारखा नि पाड्यांची नावं तेवढी ठेवली. आता तो अंगणवाडीच्या दारावर आहे.