मदत हवी आहे: आई-बाबांसोबत बघायला मराठी सिनेमे सुचवा

नमस्कार मंडळी, दिवाळीत आई-बाबा आमच्याकडे राहायला येताहेत. दोघांना सिनेमाची भारी आवड, पण बाबांना हल्ली कमी ऐकू येतं.

मी अलीकडे पाहिलेल्यांपैकी 'नाच गं घुमा' (2024) आईला नक्की आवडेल. मुक्ता बर्वे आणि नम्रता संभेराव यांची मालकीण-मोलकरणीची जुगलबंदी झकास आहे, दुसरा भाग मला थोडा ताणलेला वाटला तरी. 'वाळवी' (2023) मला प्रचंड आवडला, शेवटपर्यंत पत्ता लागू देत नाही. पण सारखा मरणा-मारण्याचा विषय आईला झेपणार नाही.

खरा जीव अडकलाय तो 'दशावतार'मध्ये (2025). दिलीप प्रभावळकरांनी ऐंशी ओलांडल्यावर काय काम केलंय! नजर अधू झालेला म्हातारा कलावंत, तोंडाला रंग लागला की अंगात वारं भरल्यासारखा उभा राहतो. हा बाबांना दाखवायचाच आहे. पण आम्ही नागपूरकडचे, मालवणी संवाद त्यांना कितपत कळतील?

मराठी सबटायटल असलेले सिनेमे कुठे मिळतात? आणि हाणामारी नसलेले, ज्येष्ठ कलाकारांना भरपूर वाव देणारे आणखी दोन-तीन सुचवाल का? जुनेही चालतील.